आपली भेग आपण बुजविणाऱ्या वस्तू
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी आजच्या दिवशी बाहेरून कोणी तरी येऊन आपल्याला चार गोष्टी सांगते. यंदा कार्यकारी मंडळाने ठरविले की आपल्यातल्याच एकीने बोलावे, आणि विषय स्वयंपाकाचा किंवा व्रतवैकल्याचा नको, शास्त्राचा हवा. माझे नाव पुढे आले ते मी विदुषी म्हणून नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, हे इथे कोणाला ठाऊक नाही? पण माझी थोरली मुलगी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करते आहे, तिला मोठ्याने वाचायची सवय आहे, आणि मी भाकऱ्या थापता थापता 'म्हणजे काय गं?' असे विचारल्यावाचून तिला पुढे जाऊ देत नाही. दुसरे कारण असे की आमचे हे रेल्वेच्या घाटातल्या गँगमध्ये आहेत. पावसाळ्याचे चार महिने रात्री हातात बत्ती घेऊन पळसदरीच्या वरच्या अंगाला रुळावरून गस्त घालायची, कुठे दरड आली का, कुठे रूळ हलला का, ते पाहायचे. त्यामुळे 'भेग' हा शब्द आमच्या घरात मिठाइतका नेहमीचा आहे. म्हणून मी हाच विषय घेतला.

ज्या वस्तूंबद्दल मी बोलणार आहे, त्या दोन तऱ्हेच्या आहेत. काही अशा की त्यांना भेग पडली, चीर गेली, तर ती त्या आपण होऊन बुजवितात. आणि काही अशा की त्यांना दाबले, ताणले किंवा ठोकले तर त्या मुकाट्याने सोसत नाहीत, त्याला काही तरी उत्तर देतात. कोणी वीज देते, कोणी रंग बदलते, कोणी उलट अधिक घट्ट होते. इंग्रजीत त्यांना 'स्मार्ट' म्हणतात. मला हे नाव काही रुचले नाही. वस्तूला अक्कल नसते, ती घडविणाऱ्याला असते. मी त्यांना जाणत्या वस्तू म्हणेन.

आता तुम्ही म्हणाल, असल्या वस्तू अमेरिकेत नाही तर जपानात असतील. तर तसे नाही. तुमच्या प्रत्येकीच्या ओट्यावर एक आहे. शेगडी पेटवायचा लायटर. त्यात सेल नसतो, वायर नसते, तरी अंगठ्याने दाबले की 'खट' होते आणि ठिणगी पडते. ही वीज येते कुठून? आत चिनी मातीच्या बरणीसारखा भाजून केलेला एक बोटाच्या पेराएवढा तुकडा असतो. आपण दाबतो तेव्हा एक स्प्रिंग आवळली जाते आणि ती सुटली की एक छोटी हातोडी त्या तुकड्यावर आपटते. त्या तुकड्याचा गुण असा की त्याच्यावर जोर पडला की त्याच्या एका टोकाला धन आणि दुसऱ्या टोकाला ऋण विद्युत् जमते. क्षणभरच, पण ती काही हजार व्होल्टची असते, म्हणून ठिणगी उडते. प्रवाह अगदीच थोडा असल्यामुळे आपल्याला इजा होत नाही.

हा गुण प्रथम १८८० साली फ्रान्समध्ये जाक आणि पिएर क्यूरी या दोघा भावांनी गारेच्या स्फटिकात आणि तशाच दुसऱ्या काही खड्यांत दाखविला. पिएर म्हणजे मादाम मारी क्यूरींचे यजमान. मारीबाईंनी पुढे जे किरणांचे संशोधन केले, त्यात किरणांचे मोजमाप करायला त्यांनी नवऱ्याने आणि दिराने केलेले हेच स्फटिकाचे यंत्र वापरले. सासरची वस्तू सुनेने कशी नावारूपाला आणावी, याचे याहून चांगले उदाहरण मला सापडले नाही.

या गुणाची दुसरी बाजूही आहे. जोर दिला की वीज मिळते, तशी वीज दिली की तो तुकडा थरथरतो. थरथरला की आवाज निघतो, आपल्या कानाला ऐकू न येणारा, फार बारीक. तो आवाज पुढे जातो, कशावर तरी आदळून परत येतो, पुन्हा तुकड्याला दाबतो, आणि पुन्हा वीज होते. सोनोग्राफी म्हणतात ती हीच. बाळंतपणाच्या आधी डॉक्टरीणबाई पोटावर थंडगार चिकट लेप लावून जे यंत्र फिरवितात, त्याच्या टोकाशी लायटरच्याच जातीचा तुकडा असतो. लेप कशाला? तर मध्ये हवा राहिली की आवाज आत शिरत नाही म्हणून.

हे आमच्या ह्यांना सांगितले तेव्हा ते हसले. म्हणाले, आमच्या रुळाचीही सोनोग्राफी होते. रुळावरून ढकलायची एक छोटी ट्रॉली असते, तिच्या खाली तसलेच तुकडे बसविलेले असतात, आणि रुळावर पाणी सोडत सोडत ती नेतात. लेपाऐवजी पाणी, एवढाच फरक. रुळाच्या पोटात केसाएवढी चीर असली, जी वरून कोणालाही दिसणार नाही, तिच्यावर आदळून आवाज लवकर परत येतो आणि यंत्र खूण दाखविते. थंडीत पहाटे रूळ आखडतो, आणि आतली अशी चीर असली तर तो तुटतो. म्हणून ती आधी सापडलेली बरी. मला त्या दिवशी पहिल्यांदा समजले की माझ्या ओट्यावरची वस्तू आणि ह्यांच्या कामावरची वस्तू एका कुळातल्या आहेत.

आता आपल्या घाटाबद्दल थोडे बोलू द्या, कारण कर्जतच्या बाईने भेगांवर बोलायचे आणि बोरघाट वगळायचा हे बरे दिसत नाही.

हा रेल्वेचा रस्ता बांधायला १८५६ साली सुरुवात झाली आणि १८६३ च्या एप्रिलात तो खुला झाला. पंचवीस बोगदे, मोठमोठे दगडी पूल, आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत अठराशे फुटांवर चढ. १८६१ साली एका वेळी बेचाळीस हजार माणसे या कामावर होती. पटकीने आणि तापाने किती मेली याची गणतीच नाही. १८५९ साली ठेका मिळालेला सॉलोमन ट्रेडवेल नावाचा साहेब विलायतेहून आला आणि थोड्याच दिवसांत वारला. तेव्हा त्याची बायको अॅलिस ट्रेडवेल हिने तो ठेका आपल्या हाती घेतला, कामावर दोन इंजिनियर नेमले आणि घाट पुरा करून दिला. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एका विधवा बाईने. डेक्कन क्वीनने पुण्याला जाताना आपण वडे खातो, धबधबे पाहतो, तिचे नाव कोणाला ठाऊक असते?

पण मला सांगायचे आहे ते पुढचे. घाट सुरू झाल्यावर चारच वर्षांनी, १८६७ च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, 'मव्हकी मल्ली' नावाच्या जागचा मोठा दगडी पूल कोसळला. दगडकाम नीट झालेले नव्हते, असे पुढे ठरले. आणि आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाडला, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळचा दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एस.टी. गाड्या आणि त्यांतली माणसे त्या काळोखात गेली. नवा पूल २०१७ साली झाला. त्या रात्री आमचे हे घाटात गस्तीवर होते. सकाळी बातमी आली तेव्हा मी ह्यांच्या डब्याची पिशवी हातात धरून दारात उभी होते, आणि हे परत येईपर्यंत उभीच राहिले. गस्तीवाल्यांच्या सगळ्या बायकांचे तसेच झाले असेल.

दगड बोलत नाही, हेच मुळात दुःख आहे. लाकूड मोडण्याआधी करकरते, दोरी तुटण्याआधी तिचे पदर सुटतात. दगड, सिमेंट, लोखंड ही मंडळी शेवटपर्यंत गप्प असतात. मग ती बोलतील असे काही करता येईल काय? तर त्याचा उद्योग चालू आहे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात स्कॉट व्हाइट, नॅन्सी सॉटोस आणि जेफ्री मूर या मंडळींनी २००९ साली एक प्लॅस्टिक करून दाखविले. ते ताणले, आणि ताण फार झाला, की तुटण्याच्या आधी ते ताणलेल्या जागी लाल होते. त्यांनी केले काय, तर प्लॅस्टिकच्या लांबच लांब साखळ्यांमध्ये मधूनमधून एक नाजूक कडी गुंफली. साखळी जोराने ओढली गेली की ती कडी एका बाजूने उघडते, आणि उघडलेल्या कडीचा रंग निराळा. उजेड दाखविला की कडी मिटते, रंग पुन्हा जातो. अजून हे प्रयोगशाळेतले आहे. पण असा लेप उद्या पुलाच्या कमानीला किंवा पाळण्याच्या दोरखंडाला लावता आला, तर पाहणाऱ्याला नुसत्या डोळ्यांनी कळेल की इथे भार सोसवेना. यंत्र नको, वीज नको. आमच्या ह्यांना ही गोष्ट सगळ्यांत आवडली. फक्त म्हणाले, रात्री बत्तीच्या उजेडात लाल आणि गंज यांत फरक कसा ओळखायचा? प्रश्न बरोबर आहे. मुलीलाही उत्तर देता आले नाही.

आता पहिल्या तऱ्हेकडे वळते, म्हणजे आपण होऊन सांधणाऱ्या वस्तूंकडे.

यातली सर्वांत जुनी वस्तू आपल्या सासऱ्यांच्या, आजेसासऱ्यांच्या घरांत होती. चुना. जुनी माणसे चुन्याची घाणी सांगत, बैल लावून चुना आणि वाळू मळायची. कळीचा चुना विरवायचा, तो फसफसून तापायचा, मग दिवसेंदिवस मुरवायचा. अशा चुन्यात बांधलेली भिंत शेदोनशे वर्षे का उभी राहते? कारण ती पूर्ण मेलेली नसते. तिला बारीक भेग पडली आणि पावसाचे पाणी शिरले, की ते पाणी आतला थोडा चुना विरघळवून भेगेत आणते, तिथे तो हवेतला कार्बनवायू घेतो आणि परत दगड होऊन बसतो. भेग बुजते. मोठी भेग नव्हे हो, अगदी बारीक.

इटलीतल्या रोमन लोकांच्या बांधकामांबद्दल २०२३ च्या जानेवारीत एक संशोधन प्रसिद्ध झाले. ती बांधकामे दोन हजार वर्षांची. त्यांच्या काँक्रीटमध्ये चुन्याचे पांढरे खडे दिसत, आणि लोक समजत की मळणाऱ्याने हयगय केली. अमेरिकेतल्या एम.आय.टी. संस्थेचे अॅडमिर मॅसिक आणि त्यांच्या सोबत्यांनी दाखविले की ती हयगय नव्हे. रोमन गवंडी न विरवलेला चुना तसाच गरम गरम मिसळीत असावेत, आणि ते खडे म्हणजे भिंतीच्या पोटात ठेवलेली शिदोरी होती. त्यांनी तशा पद्धतीचे ठोकळे केले, ते फोडले, अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवून त्यातून पाणी वाहते ठेविले. दोन आठवड्यांत फट बुजली आणि पाणी थांबले. चुन्याच्या खड्यांवाचून केलेला ठोकळा मात्र वाहतच राहिला.

आपल्याकडे शंभर इंचांहून जास्त पाऊस. इथे ज्या बाईच्या घरावर स्लॅब आहे, तिला पाणी वाहतच राहणे म्हणजे काय ते मी सांगायला नको. आमच्या माजघरात पाच वर्षे जुलै लागला की टोप, बादली, परात, सगळी भांडी मांडलेली असत. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांची खाट कुठे सरकवायची हा रोजचा प्रश्न. आत लोखंडी सळईला गंज चढला की ती फुगते, आणि फुगली की खालचा गिलावा खपलीसारखा पडतो. एकदा भला मोठा पोपडा सासूबाईंच्या उशाशी पडला. उशाशी, डोक्यावर नव्हे, एवढेच देवाने राखले. तेव्हापासून मला या विषयाची गोडी लागली असे म्हणा, किंवा धास्ती लागली म्हणा.

म्हणून हॉलंडमधल्या डेल्फ्ट विद्यापीठातल्या हेंक योंकर्स यांचे काम मी मुलीकडून दोनदा वाचून घेतले. हे गृहस्थ जंतूंचे अभ्यासक. २००६ च्या सुमारास त्यांनी सिमेंटमध्ये जंतू घालायचे ठरविले. हो, जंतूच! काही जंतू असे आहेत की दाणा-पाणी नसले तर ते बी होऊन निपचित पडतात आणि वर्षानुवर्षे तसेच राहतात. भाजक्या मातीच्या बारीक गोळ्यांत हे जंतू आणि त्यांचे खाद्य भरून ते काँक्रीटमध्ये कालवतात. खाद्य कोणते? कॅल्शियम लॅक्टेट. दह्याला ज्या आम्लाने आंबटपणा येतो, त्याचाच हा क्षार. पुढे कधी भेग पडली, तिच्यातून पाणी शिरले, की जंतू जागे होतात, ते खाद्य खातात, आणि त्यांच्या खाण्यातून चुनखडी तयार होऊन भेग भरत जाते. जवळजवळ एक मिलिमीटरपर्यंतची भेग अशी भरते. मी तर याला भिंतीला लावलेले विरजण म्हणते. आपण चमचाभर विरजण लावतो आणि सकाळी दही लागलेले असते. तसे हे विरजण भिंतीत झोपून राहते आणि दूध सांडले, म्हणजे पाणी गळले, की कामाला लागते.

पण इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. दरवर्षी मे महिन्यात आपल्या भागात माणसे फिरतात. डब्यात काही तरी पांढरे असते, वरून लावले की स्लॅब 'आपोआप बरा होतो' असे सांगून पैसे घेतात. आम्हीही एकदा दिले. पुढच्या श्रावणात टोप पुन्हा मांडले. मी आता सांगितलेले जंतू काय किंवा चुन्याचे खडे काय, बांधतानाच आत घालायचे असतात. पडलेल्या भेगेत भरायचीही औषधे निघाली आहेत, पण सळई गंजून फुगली असेल तर वरून काहीही चोपडून ती बरी होत नाही. गिलावा काढून, गंज खरवडून, मग नवे काम करावे लागते. आमचे तेच केले तेव्हा गळती थांबली. जंतूंनी नव्हे, एका म्हाताऱ्या गवंड्याने.

सिमेंटनंतर प्लॅस्टिक. तुम्ही सगळ्या गोधड्या शिवता. समजा, एखादीने शिवतानाच गोधडीच्या अस्तरात जागोजागी सुई-दोरा ठेवून दिला, आणि गोधडी उसवली की तिथला दोरा आपोआप निघून टाके घालू लागला. कशी गंमत होईल! २००१ च्या फेब्रुवारीत त्याच इलिनॉयच्या व्हाइटसाहेबांनी असेच केले. मोहरीहूनही बारीक कुप्या, त्यांत पातळ औषध, आणि त्या कुप्या प्लॅस्टिकमध्ये मिसळलेल्या. भेग पुढे सरकता सरकता कुपी फोडते, औषध भेगेत झिरपते, प्लॅस्टिकमध्ये आधीच घातलेल्या दुसऱ्या द्रव्याला भेटते आणि घट्ट होते. मूळच्या चिवटपणापैकी पाऊण हिस्सा परत मिळाला. उणे एवढेच की कुपी एकदा फुटली ती फुटली. त्याच जागी दुसऱ्यांदा भेग गेली तर तिथे दोरा शिल्लक नसतो.

कुपी-बिपी काही न घालता मूळ वस्तूच सांधणारी असली तर? आणि हे काम, भगिनींनो, आपल्या घाटाच्या वरच्या अंगाला, पुण्यात झाले आहे. पाषाणच्या वाटेवर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, १९५० च्या जानेवारीत उघडलेली. डॉ. रघुनाथ माशेलकर तिथले संचालक होते. ते मूळचे गोव्याच्या माशेल गावचे. वडील लवकर गेले, आईने मुंबईत मिळेल ते काम करून त्यांना शिकविले. त्यांनी, डॉ. आशिष लेले यांनी आणि तेव्हा तिथे पीएच.डी. करणाऱ्या शायनी वर्गीस या बाईंनी मिळून काही जेली तयार केल्या. आपण आगरआगर पाण्यात शिजवून चायना ग्रास करतो, तसल्या लिबलिबीत वस्तू, पण रसायनांच्या. २००६ साली त्यांनी लिहिले की अशा जेलीचे तुकडे केले, आणि मध्यस्थ म्हणून धातूचे विद्युत्भारित कण दिले, तर ते तुकडे पुन्हा एकमेकांना सांधतात. लेलेसाहेब पुढे २०२१ साली त्याच प्रयोगशाळेचे संचालक झाले.

वर्गीसबाई नंतर अमेरिकेला गेल्या. २०१२ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो विद्यापीठातून त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्याहून पुढची जेली काढली. तिला धातूचाही मध्यस्थ लागत नाही. चिरलेले दोन तुकडे आंबट पाण्यात एकमेकांना टेकविले की काही सेकंदांत चिकटतात, आणि जितका वेळ ठेवाल तितका सांधा पक्का होत जातो. उलट सोड्याच्या जातीच्या पाण्यात टाकले की सुटतात. पुन्हा आंबटात घातले की पुन्हा जुळतात. याचे मर्म काय म्हणाल, तर फुगडी. जेलीच्या प्रत्येक साखळीला बाजूला आखूड हात फुटलेले असतात. समोरच्या तुकड्याचे हात आणि ह्या तुकड्याचे हात एकमेकांत गुंफतात. हात फार तोकडे असले तर समोरचीपर्यंत पोचत नाहीत. फार लांब असले तर शेजारणीच्याच गळ्यात पडतात आणि समोरची उभीच राहते. नेमके किती लांब हवेत, हे शोधून काढणे हेच त्यांचे कौशल्य. आंबट द्रव्याने भरलेल्या भांड्याला भोक पडले असता ही जेली लावून ते बुजविता येते, असे त्यांनी दाखविले. पोटातल्या जठराच्या आम्लातही ती टिकावी, अल्सरसारख्या जखमेवर चिकटावी, अशी त्यांची आशा आहे.

आपल्याच देशातले आणखी एक काम सांगते. २०२१ च्या जुलैत कलकत्त्याच्या आयसर संस्थेतील डॉ. मल्ला रेड्डी आणि खरगपूरच्या आय.आय.टी.तील मंडळींनी सुईसारखे स्फटिक करून दाखविले. ते मोडले की तुकडे आपोआप एकमेकांकडे ओढले जातात आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत पुन्हा जुळतात. ना ऊब, ना औषध, ना जंतू. कसे? तर हे स्फटिक आपल्या लायटरच्या तुकड्याच्या गुणाचे आहेत. मोडताना त्यांच्यावर जोर पडतो, जोर पडला की वीज, एका तोंडाला धन आणि समोरच्याला ऋण, आणि धन-ऋण एकमेकांना खेचतात. म्हणजे मोडण्याच्या जोरातूनच जुळण्याचा जोर निर्माण होतो. हे मला मुलीने पहिल्यांदा सांगितले तेव्हा मी तव्यावरची भाकरी उलटायची थांबले.

शेवटी एक जपानची गोष्ट, कारण ती आपल्या हाडामांसाशी येऊन भिडते. होक्काइदो विद्यापीठातल्या जियान पिंग गाँग या बाई आणि त्यांचे सहकारी यांनी २०१९ साली अशी जेली केली की तिला वारंवार ताणले तर ती झिजत नाही, वाढते. ताणताना तिच्यातल्या काही साखळ्या तुटतात. तुटलेली टोके स्वस्थ बसत नाहीत, भोवतीच्या द्रवातले खाद्य ओढून घेऊन नव्या साखळ्या विणतात. अशा तालमीनंतर ती मूळच्या दीडपट बळकट आणि तेवीसपट ताठ झाली. आपल्या आज्या पहाटे जाते ओढीत. त्यांच्या तळव्याला घट्टे पडत, आणि दंड मरेपर्यंत लोखंडासारखे राहिले. ही जेली तशीच म्हणायची.

हाडाचेही असेच आहे. हाडावर भार पडला की हाड भरते, भार काढला की ते विरते. अवकाशात गेलेल्या माणसांची हाडे म्हणूनच उणी होतात. १९५७ साली जपानमधल्या फुकादा आणि यासुदा यांनी दाखविले की हाडाला दाबले तर त्यातही लायटरसारखी बारीक वीज उमटते. आपण सगळ्या चाळिशी ओलांडलेल्या. पाळी जाण्याच्या वयात हाडे विरायला लागतात, मग साधे घसरून पडले तरी खुबा मोडतो. सासूबाई अंथरुणाला लागल्या त्या अशाच. तेव्हा मिक्सर, पिठाची गिरणी आणि रिक्षा यांनी आपला जो भार काढून घेतला आहे, त्यातला थोडा आपण होऊन उचलायला हवा. मी तरी स्टेशनपर्यंत चालत जाते. पिशवीही हातात घेते.

मुलीला मी विचारले, या सगळ्यातले आपल्या घरी कधी येणार? ती म्हणाली, काही आलेच आहे, लायटर, सोनोग्राफी. बाळाच्या डायपरमध्ये पाणी धरून ठेवणारी भुकटी असते, तीही याच जेलीच्या गणगोतातली. जंतूंचे काँक्रीट परदेशात काही ठिकाणी वापरले जाते, पण साध्या काँक्रीटहून महाग पडते. रंग बदलणारे पूल मात्र अजून दूर आहेत. तोपर्यंत पुलावरून, रुळावरून कोणी तरी चालत जाऊन पाहावेच लागेल. हे ऐकून आमचे हे म्हणाले, म्हणजे माझी नोकरी पक्की.

मी बोलायचे तेवढे बोलले. त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर परातीत जे पांढरे कालवून ठेवले आहे, ते कॉर्नफ्लोअर आहे. दोन वाट्या पीठ, एक वाटी पाणी. हळूच बोट घाला, ताकासारखे वाटेल. मूठ आवळून धपकन मारा, दगडासारखे लागेल, एक थेंब उडणार नाही. जोर हळू असला की दाण्यांना पाण्यातून सरकायला सवड मिळते, एकदम आला की ते एकमेकांवर अडतात. घाटात एस.टी.तून उतरताना दारात होते ना, तसेच. हातात घेऊन लाडू वळा, वळता आहात तोवर लाडू, थांबलात की बोटांतून गळून जाईल. मुले आणली असतील त्यांना आधी पाहू द्या. आणि नंतर परात मोरीत उपडी करू नका, नळी तुंबेल. बागेतल्या वाफ्यात ओता.